वीसातले पंधरा खूश, मग नव्वद टक्क्यांचं काय?

ऑफिसात मशीनच्या देखभालीचं कॉन्ट्रॅक्ट द्यायचं होतं. बिघडलं की येऊन दुरुस्त करणारं कोणीतरी हवं होतं, बस एवढंच. एका कंपनीने प्रेझेंटेशन दिलं, पहिल्याच स्लाइडवर अख्ख्या पडद्याएवढा आकडा, ९०%, आणि खाली बारीक अक्षरात "समाधानी ग्राहक". साहेब एकदम खूश. मी मागून विचारलं, कशावरून? आता मीटिंगमधे 'कशावरून' विचारणाऱ्याच्याच गळ्यात ते काम पडतं हे मला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं, पण तोंडातून गेलं ते गेलं. साहेब म्हणाले, "बरं मग तूच बघ की."

तर हे सगळं त्या 'बघण्या'बद्दल आहे. कॉलेजात बायनॉमियल डिस्ट्रिब्युशन नावाचा एक प्रकार शिकलो होतो (हो-नाही अशी दोनच उत्तरं असतील तर इतक्या जणांत 'हो' किती येतील याच्या शक्यता काढायचं गणित), परीक्षेपुरता पाठ केला होता आणि पेपर देऊन आल्यावर विसरून गेलो होतो, तो अचानक कामाला आला. आणि कामाला येताना मला दोन-तीनदा तोंडावर पाडून गेला.

आधी मी कंपनीलाच फोन केला की बाबांनो तुमच्या काही ग्राहकांशी बोलायचंय. त्यांनी तत्परतेने पाच नंबर पाठवले. पाचही जण खूश, एकजण तर इतका खूश की मला शंका यायला लागली. पाचपैकी पाच! आता दावा खरा धरला, म्हणजे कुठलाही ग्राहक समाधानी असायची शक्यता ०.९, तर पाचही समाधानी निघायची शक्यता ०.९ ला पाच वेळा गुणायचं, येतं ०.५९. म्हणजे ५९ टक्के. आणि समजा खरा आकडा ९० नसून ७०च असेल तरी पाचपैकी पाच खूश मिळायची शक्यता जवळपास १७ टक्के आहे, सहा वेळा केलं तर एकदा असं होणार. म्हणजे पाच फोनांवरून ९० आणि ७० मधला फरक कळणं अवघडच. पण हा हिशोबही मी उगाच केला, कारण ते पाच कंपनीने निवडून दिले होते. निवडून दिलेल्या पाचांवर कुठलंच गणित चालत नाही. लग्नाच्या स्थळाची चौकशी मुलाच्या मामाकडे केल्यासारखं आहे ते.

मग कंपनीच्या वेबसाइटवर ग्राहकांची मोठी यादी होती ती घेतली, साधारण चारशे नावं. एक्सेलमधे रँडबिटवीन नावाचं फंक्शन असतं, त्याने आकडे काढले आणि ज्या नंबरची नावं आली त्यांना फोन लावत गेलो. ओळखीचं नाव आलं म्हणून घेतलं, अवघड वाटलं म्हणून सोडलं, असं काही केलं नाही. ठरवलं होतं की वीस जणांशी बोलायचं. काहींनी फोन उचललाच नाही, त्यांचं पुढे सांगतो कारण ते प्रकरण वाटलं त्यापेक्षा महागात पडलं. वीस जण बोलले. प्रत्येकाला एकच प्रश्न, सर्व्हिसबद्दल समाधानी आहात का. वहीत दोन रकाने, हो आणि नाही. जो सरळ हो म्हणाला तो हो मधे, बाकी सगळे नाही मधे.

पंधरा हो, पाच नाही.

म्हणजे ७५ टक्के. ९० च्या जागी ७५. मी वही घेऊन साहेबांकडे जाणारच होतो, पण मग वाटलं थांबा, वीसच तर लोक आहेत. ९० टक्के म्हणजे वीसात अठरा. अठराच्या जागी पंधरा, तीनच माणसांचा फरक. नशिबानेच तीन नाराज जास्त लागले असतील तर? कंपनीवर उगाच आळ नको. इथे बायनॉमियल लागतं.

कल्पना अगदी सोपी आहे. दावा तात्पुरता खरा मानायचा. खरा आहे म्हणून नाही हं, तपासायचाय म्हणून. मग विचारायचं की दावा खरा असता तर मला जे दिसलं तसलं किती वेळा दिसलं असतं. सारखं दिसणारं असेल तर दाव्याबद्दल बोलायला माझ्याकडे काही नाही, आणि क्वचितच दिसणारं असेल तर भुवई उंचवायला जागा आहे.

एक विशिष्ट क्रम घ्या, पहिले पंधरा खूश आणि शेवटचे पाच नाराज. त्याची शक्यता ०.९ पंधरा वेळा आणि ०.१ पाच वेळा गुणून येते, फारच किरकोळ आकडा, दशांश चिन्हानंतर पाच शून्यं. पण नाराज लोक शेवटीच यायला हवेत असं थोडीच आहे, ते मधेच कुठेही येऊ शकतात. वीस जागांपैकी नाराजांच्या पाच जागा किती प्रकारे निवडता येतात? १५,५०४ प्रकारे. त्या किरकोळ आकड्याला १५,५०४ ने गुणलं की ०.०३१९ येतं. (हे १५,५०४ वगैरे आकडे ज्या त्रिकोणात मिळतात त्याला जगभर पास्कलचा त्रिकोण म्हणतात, तो सतराव्या शतकातला, पण पिंगलाच्या छंदशास्त्रावर टीका लिहिणाऱ्या हलायुधाने दहाव्या शतकातच मेरुप्रस्तार म्हणून तो मांडला होता. लघु-गुरू अक्षरं किती प्रकारे मांडता येतील हा त्याचा प्रश्न, आणि माझा प्रश्न खूश-नाराज लोक किती प्रकारे मांडता येतील, गणित तेच.) संभाव्यतेच्या बाजूने हे सगळं नीट मांडलं याकोब बर्नुली या स्विस गणितज्ञाने, त्यांचं पुस्तक १७१३ मधे आलं, ते वारल्यावर आठ वर्षांनी. आपण निदान एक्सेल उघडून बसलोय, त्यांनी हे हाताने केलंय.

एक्सेलमधे बायनॉम-डिस्ट नावाचं फंक्शन आहे, त्यात १५, २० आणि ०.९ टाकायचे आणि शेवटी ट्रू किंवा फॉल्स. मी फॉल्स टाकलं. उत्तर आलं ३.२ टक्के. मी मनात म्हटलं, झालं, पकडली कंपनी.

आमच्या ऑफिसात एक मॅडम आहेत, स्टॅटिस्टिक्समधे एमएस्सी, त्यांच्यासमोर ही आकडेमोड ठेवली. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाल्या, "अरे, तू बरोब्बर पंधराची शक्यता काढलीस. ती कशाला हवी?"

मला कळेना. पंधराच तर आलेत.

मग त्यांनी एक उदाहरण दिलं ते माझ्या डोक्यात कायमचं बसलंय. समज तू हजार लोकांना विचारलंस आणि अगदी तंतोतंत ९०० खूश निघाले, दाव्याला काट्यावर मोजून मिळतंय. आता बरोब्बर ९०० यायची शक्यता काढ. काढली, साधारण ४.२ टक्के. "म्हणजे दावा हुबेहूब बरोबर निघाला तरी तू म्हणणार की असं फक्त चार टक्के वेळा होतं, म्हणून कंपनी खोटारडी?" नमुना मोठा झाला की कुठल्याही एका नेमक्या आकड्याची शक्यता आपोआप लहानच होत जाते, शक्यता वाटून घ्यायला इतके आकडे असतात. त्यामुळे विचारायचं असतं ते 'पंधरा किंवा त्याहून कमी' किती वेळा. म्हणजे वाईटाच्या बाजूची सगळी शेपटी मोजायची, पंधरा, चौदा, तेरा, थेट शून्यापर्यंत. फॉल्सच्या जागी ट्रू टाकायचं, बाकी काही नाही.

ट्रू टाकलं. ४.३ टक्के.

जरा अख्खी मांडणीच बघू कारण बघण्यासारखी आहे. दावा खरा असेल तर वीसच्या वीस खूश मिळायची शक्यता १२ टक्के, एक नाराज २७ टक्के, दोन नाराज २८.५ (हा सगळ्यात उंच), तीन नाराज १९, चार नाराज ९. इथपर्यंतची बेरीज ९५.७ होते. पाच किंवा जास्त नाराजांसाठी उरतात ४.३. हे बघितलं की एक गोष्ट चटकन लक्षात येते, चार नाराज असते, म्हणजे सोळा खूश, तर शेपटी १३ टक्क्यांवर गेली असती आणि मी गपचूप वही मिटली असती. एका माणसाने १३ चे ४.३ केले! तो पाचवा माणूस त्या दिवशी सकाळी घरी भांडून आला असेल तर? हे मी गमतीत म्हणत नाहीये, पुढे तोच प्रश्न आला.

५ टक्क्यांच्या खाली म्हणजे 'सिग्निफिकंट', म्हणजे नुसतं नशीब म्हणून सोडून देता येणार नाही असं, ही हद्द कुठून आली तर फिशर या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने १९२५ च्या त्यांच्या पुस्तकात वीसात एक ही सीमा सोयीची म्हणून धरली होती. सोयीची! आकाशवाणी वगैरे काही झाली नव्हती. पण ती हद्द लोकांनी अशी काही डोक्यावर घेतली की ४.९ आलं तर पेढे आणि ५.१ आलं तर सुतक. २०१६ मधे अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनला अधिकृत निवेदनच काढावं लागलं की बाबांनो निव्वळ एका हद्दीच्या अलीकडे-पलीकडे बघून निर्णय घेऊ नका.

मला हे तेव्हा काही माहीत नव्हतं. मी साहेबांकडे गेलो आणि छाती काढून म्हणालो, "सर, कंपनी खोटं बोलतेय याची ९५.७ टक्के खात्री आहे." साहेबांनी मान डोलावली. मागे मॅडम उभ्या होत्या. त्यांनी साहेबांसमोर काही म्हटलं नाही, बाहेर आल्यावर म्हणाल्या, "तू आत्ता जे बोललास ना, ते त्या आकड्यात कुठेच नाहीये."

आणि हा मुद्दा इतका सटकणारा आहे की आजही मी लिहिताना दोनदा तपासतोय. ४.३ टक्के हे 'दावा खरा असेल तर असा डेटा दिसायची शक्यता' आहे. मी सांगितलं ते उलटं, 'असा डेटा दिसलाय तर दावा खरा असायची शक्यता'. ऐकायला सारखंच वाटतं. पण पाऊस पडत असेल तर ढग असायची शक्यता आणि ढग असतील तर पाऊस पडायची शक्यता, या दोन एक नव्हेत, हे तर कोणीही सांगेल.

मॅडमनी लगेच पेनाने करून दाखवलं. धर की दोनच शक्यता आहेत, एकतर खरंच ९० टक्के खूश आहेत नाहीतर ७५ टक्के, आणि फोन करायच्या आधी तुला दोन्ही सारख्याच पटतायत, फिफ्टी-फिफ्टी. आता ९० असताना बरोब्बर पंधरा यायची शक्यता ३.२ टक्के (इथे मात्र नेमका पंधराचाच आकडा लागतो, बघा गंमत, जो मगाशी चुकीचा होता तो इथे बरोबर), आणि ७५ असताना २०.२ टक्के. दोन्हींचं गुणोत्तर साधारण एकास सहा. म्हणजे फोन झाल्यावर '९० खरं' या बाजूला उरतात साडेतेरा टक्के. ४.३ नाही, साडेतेरा. आणि कंपनीवर तुझा आधीपासून जास्त विश्वास असता तर अजून जास्त उरले असते. म्हणजे माझा डेटा दाव्याच्या विरोधात बोलतो हे खरं, पण मी साहेबांना सांगितलं तितक्या मोठ्या आवाजात नाही.

याच्यावर एक जुनी गोष्ट आहे ती सांगायलाच हवी. १७१० मधे जॉन अर्बथनॉट नावाच्या डॉक्टरने, राणी ॲनचा डॉक्टर होता तो, लंडनमधल्या ८२ वर्षांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी काढल्या. दर वर्षी, एकही वर्ष न चुकता, मुलग्यांची संख्या मुलींपेक्षा जास्त. त्याने हिशोब केला की मुलगा-मुलगी होणं हा निव्वळ नाणेफेकीचा मामला असेल तर ८२ च्या ८२ वर्षं मुलगे जास्त यायची शक्यता अर्ध्याचा ८२ वा घात, म्हणजे ४८ वर २३ शून्यं दिल्यावर जो आकडा होतो तितक्यात एक. हा अगदी आपलाच प्रकार, बायनॉमियलने दावा तपासणं, तीनशे वर्षांपूर्वी. आकडेमोड बरोबर. पण निष्कर्ष काय काढला त्याने, तर हे नशिबाने होऊच शकत नाही, म्हणजे ही ईश्वराची योजना! आता नाणं पन्नास-पन्नासचं नाही एवढंच त्या आकड्याने सिद्ध होतं. जन्माला येताना मुलगे थोडे जास्तच असतात, शंभर मुलींमागे साधारण १०५. 'दावा पटत नाही' इथून 'मग माझंच म्हणणं खरं' इथे उडी मारायची सवय फार जुनी आहे, मी काही पहिला नाही.

बरं, आता त्या फोन न उचलणाऱ्यांचं. मी एकूण २६ जणांना फोन लावले होते, सहा जणांनी उचलला नाही. मी सरळ सोडून दिले आणि पुढच्या नावांना लावले. मॅडमनी विचारलं, "ते सहा कसे आहेत?" मी म्हटलं मला काय माहीत. "तेच. धर की सहाच्या सहा खूश आहेत. खूश माणसाला तक्रार सांगायची नसते, तो कशाला अनोळखी फोन घेईल." मग २६ पैकी २१ खूश होतात, पाच नाराज तेच. परत एक्सेल. दावा खरा असताना २६ मधे पाच किंवा जास्त नाराज निघायची शक्यता, ११ टक्के. गेली माझी केस. आणि उलट धरलं, सहाही नाराज, तर २६ मधे अकरा नाराज होतात आणि मग दाव्याला वाचवणारं कोणी उरत नाही. म्हणजे मी ज्या ४.३ वर इतका नाचत होतो तो आकडा सहा न उचललेल्या फोनांच्या हातात होता. उत्तर न देणारे हे उत्तर देणाऱ्यांसारखेच असतात असं आपण गृहीत धरतो, आणि ते तसे असतीलच याला काही आधार नसतो. १९३६ च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीत लिटररी डायजेस्ट साप्ताहिकाने जवळपास एक कोटी मतपत्रिका पाठवल्या, वीस लाखांवर परत आल्या, आणि त्यावरून सांगितलं की रूझवेल्ट यांच्या विरोधात उभे असलेले लँडन जिंकणार. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. वीस लाखांचा नमुना! कोणाला पाठवलं आणि कोणी परत पाठवलं तिथेच घोळ होता, तो संख्या वाढवून धुवून निघत नाही.

बायनॉमियल लावायच्या बाकीच्या अटी मी पटकन उरकतो कारण त्या माझ्या बाबतीत फार आड आल्या नाहीत. लोकांची संख्या आधी ठरलेली हवी (वीस, ठरली होती). एकाचं उत्तर दुसऱ्यावर अवलंबून नको, एकाच ऑफिसातल्या चार जणांना विचारलं असतं तर ते चार नसते, सव्वा माणूस असता. आणि चारशेच्या यादीतून वीस उचलले की प्रत्येक उचलीनंतर यादी थोडी बदलते, म्हणून काटेकोर बोलायचं तर हायपरजिऑमेट्रिक नावाचं वेगळं गणित लागतं, पण वीस म्हणजे चारशेच्या पाचच टक्के, तेवढ्याने काही बिघडत नाही. यादीच साठ नावांची असती तर मात्र विचार करावा लागला असता.

हां, आणि एक मोह सांगतो. तेरा-चौदा फोन झाल्यावर मी वहीत डोकावून बघितलं होतं, आणि विसाव्यानंतर वाटलंही की अजून पाच करू, आकडा अजून खाली येईल. हे करू नये. दर दोन-चार फोनांनंतर शेपटी मोजायची आणि ५ च्या खाली गेली की थांबायचं, असं केलं तर दावा अगदी खरा असला तरी कधी ना कधी तुम्ही त्या रेषेखाली जाणारच, फक्त पुरेसा वेळ हवा. किती फोन ते आधी ठरवा आणि तितकेच करा.

काहीजण म्हणतील एवढी शेपटी कशाला मोजायची, सरळ नॉर्मल कर्व्ह, म्हणजे तो घंटेच्या आकाराचा दोन्हीकडे सारखा आलेख, लाव की. लावून बघितला. अपेक्षित १८, स्टँडर्ड डेव्हिएशन (आकडा साधारण किती इकडेतिकडे होतो ते, म्हणजे एक पायरी) १.३४, आपण तीनने खाली, म्हणजे २.२४ पायऱ्या, उत्तर १.३ टक्के. खरं उत्तर ४.३! तिप्पट फरक. अर्ध्याची दुरुस्ती करून १५.५ धरलं तरी ३.१ येतं. कारण अपेक्षित नाराज फक्त दोन आहेत, आणि दोनवर उभा असलेला आलेख डावी-उजवीकडे सारखा कसा असेल, एका बाजूला शून्याची भिंत आहे. निदान पाच तरी अपेक्षित नाराज असल्याशिवाय नॉर्मलच्या वाटेला जाऊ नका, आणि खरं म्हणजे हातात कॉम्प्युटर असताना जायचंच कशाला.

मग मी मॅडमना म्हटलं की 'खरं-खोटं' सोडा, खरा आकडा कुठून कुठपर्यंत असू शकेल ते सांगा. यालाही दोन पद्धती निघाल्या. १९३४ ची क्लॉपर-पिअर्सनची पद्धत म्हणते ५१ ते ९१.३ टक्के. १९२७ ची विल्सनची म्हणते ५३ ते ८८.८. बघा काय झालं, एकीत ९० बसतं, दुसरीत बसत नाही! पहिली जरा जास्तच सावध आहे म्हणून पट्टा रुंद ठेवते. मी वैतागलो. पण नंतर वाटलं यातच तर सगळं आलं, ५१ पासून ९१ पर्यंत! वीस फोनांत मला एवढंच कळलंय की निम्म्यापेक्षा जास्त लोक खूश आहेत. त्यासाठी दीड दिवस गेला.

आणि याच्या पलीकडचा प्रश्न, जो मी फोन लावायच्या आधी विचारायला हवा होता. समजा खरा आकडा ९० नसून ८० आहे, म्हणजे दावा सरळसरळ फुगवलेला. माझी वीस फोनांची चाचणी तो पकडेल का? पंधरा किंवा कमी आले तरच मी ओरडणार, आणि ८० टक्के खरे असताना पंधरा किंवा कमी यायची शक्यता आहे ३७ टक्के. म्हणजे तीनातल्या जवळपास दोन वेळा फुगवलेला दावा माझ्या समोरून निघून गेला असता आणि मी म्हटलं असतं, ठीक आहे, हरकत नाही. शंभर लोकांना विचारलं तर? तिथे रेषा ८४ वर येते (९० खरे असताना ८४ किंवा कमी यायची शक्यता ४ टक्के), आणि खरा आकडा ८० असेल तर ८७ टक्के वेळा तो पकडला जातो. शंभरात ७५ खूश निघाले असते तर शक्यता लाखात एक-दीड झाली असती, मग ना फिशर लागले असते ना मॅडम. तेच ७५ टक्के, पण वीसातले ७५ आणि शंभरातले ७५ यांचं वजन वेगळं. म्हणून कोणी नुसता टक्का सांगितला की मी आता पहिलं विचारतो, कितीपैकी?

आता खरी गंमत. हे सगळं झाल्यावर एक दिवस मी ती वही परत उघडली. 'नाही' च्या रकान्यात पाच नावं, प्रत्येकापुढे मी त्यांचे शब्द लिहून ठेवले होते. दोघांचे शब्द इथे छापण्यासारखे नाहीत. उरलेल्या तिघांपुढे एकच लिहिलेलं होतं, "ठीक आहे".

ठीक आहे! आपल्याकडे 'ठीक आहे' चे किती अर्थ होतात ते मी सांगायला नको. जेवण कसं झालं, ठीक आहे. नवरा कसा आहे, ठीक आहे. मी ते तिन्ही बेधडक 'नाही' मधे ढकलले होते, कारण बायनॉमियलला दोनच रकाने लागतात आणि तिसरा काढायची सोय नाही. ते 'हो' मधे टाकले तर वीसात अठरा खूश. अठरा, म्हणजे बरोब्बर नव्वद टक्के. अठरा किंवा कमी यायची शक्यता ६१ टक्के, म्हणजे तक्रारीला काही जागाच नाही.

मी कंपनीला मेल टाकला की तुमच्याकडे 'समाधानी' कोणाला म्हणतात. दोन दिवसांनी उत्तर आलं, त्यांच्या फॉर्मवर एक ते पाच असे गुण असतात आणि तीन आणि त्यावर सगळे समाधानी. सर्वसाधारणपणे लोक चार आणि पाचलाच समाधानी धरतात, तीन म्हणजे धड ना इकडे ना तिकडे, पण तीनला धरू नये असा काही कायदा नाही. म्हणजे कंपनी तिच्या व्याख्येने खरं बोलत होती आणि मी माझ्या व्याख्येने बरोबर मोजत होतो, आणि मधल्या मधे तीन 'ठीक आहे' वाल्या माणसांवर आमचं ४.३ का ६१ हे ठरत होतं. एवढी शेपटी, एवढे पट्टे, एवढं सगळं करून खरा प्रश्न मराठीचा निघाला, गणिताचा नाहीच.

साहेबांना जाऊन हे सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे ९५.७ टक्के खात्री नाहीये?" मी म्हटलं, नाही सर. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले.

कॉन्ट्रॅक्ट शेवटी त्याच कंपनीला दिलं, पण वर्षाऐवजी सहा महिन्यांचं. सहा महिन्यांनी परत फोन करायचे ठरलेत, यावेळी शंभर, आणि ते मी एकटा करणार नाही हे मी मीटिंगमधे मोठ्याने सांगितलंय. एक कागद टाइप करून मॅडमची सही घेऊन कपाटात ठेवलाय. त्यावर लिहिलंय: शंभर जण, एक ते पाच गुण, चार आणि पाच म्हणजे हो, तीन म्हणजे नाही, फोन न उचलणाऱ्याला वेगवेगळ्या दिवशी तीनदा लावायचा, ८४ किंवा कमी आले तर कॉन्ट्रॅक्ट वाढवायचं नाही. खाली मॅडमनी पेनाने एक ओळ घातलीय, "मधे वहीत डोकवायचं नाही."